वारा फिरेपर्यंत

डंपर आला आणि वर्गातल्या सगळ्या पोरांनी एकदम श्वास धरला. कृष्णाबाई तेव्हा तिसरीच्या दाराशी उभी होती. तिची नात राही दम्याचा पंप घरीच विसरून आली होती, तो द्यायला ती आली होती, आणि पाढा संपला की बाईंना हाक मारू म्हणून चौकटीला हात टेकून थांबली होती. पोरं झुलत झुलत सातचा पाढा म्हणत होती. सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस, सात चोक... आणि अठ्ठावीस यायच्या आधी सगळी तोंडं मिटली. कुणी सांगितलं नव्हतं. प्रणालीबाईंनी हातसुद्धा वर केला नव्हता. डावे पंजे नाकावर गेले, उजव्या हातातल्या पेन्सिली होत्या तिथेच राहिल्या, डोळे फळ्यावर. बाहेरून डंपर गेला, खिडकीचे गज थरथरले, धूळ आत आली, उन्हाच्या पट्ट्यात तरंगली आणि हळूहळू बाकांवर बसायला लागली. पोरं थांबून होती. पाण्यात बुडी मारलेल्या माणसासारखे त्यांचे गाल फुगले होते. मग सगळ्यांना एकाच वेळी कसं कळलं कोण जाणे, पण पंजे खाली आले आणि वर्ग म्हणाला, अठ्ठावीस. सात पाचे पस्तीस. पाढा पुढे गेला.

कृष्णाबाईला कळलं की तिनेही श्वास धरला होता. पण तिचा मध्येच सुटला. तोंडात बारीक माती आली, दातांखाली करकरली. आठ वर्षांची पोरं आपल्यापेक्षा जास्त वेळ थांबू शकतात, हे तिच्या मनात कुठेतरी अडकून बसलं. बाईंनी तिला पाहिलं आणि बाहेर येऊन तिच्याकडून पंप घेतला. तरुण मुलगी, पनवेलहून रोज येणारी, ओढणी नाकापर्यंत घेतलेली. कृष्णाबाईने विचारलं, "बाई, ह्ये तुम्ही शिकवलंत त्यांना?" बाईंना आधी समजलंच नाही. "काय, आजी?" कृष्णाबाईने नाकावर हात ठेवून दाखवलं. बाई जराशा हसल्या, मग हसू मावळलं. "नाही हो. मी बदली होऊन आले तेव्हाच करत होती. आता मीपण करते. परवा घरी भाजीला फोडणी दिली ना, तर मी नाक धरून उभी. आईने विचारलं, काय झालं गं तुला?" आतून राहीने आजीकडे बघून भुवया उडवल्या. दोन वेण्या, डाव्या वेणीची रिबीन सुटलेली. सकाळी कृष्णाबाईने बांधली तेव्हा ती रिबीन पांढरी होती.

परत येताना ती रस्त्याच्या कडेने, कुंपणाला धरून चालली. होळी होऊन आठवडा झाला होता, शाळा सकाळची झाली होती, आणि डोंगराकडून मतलई सुटली होती. पहाटेपासून डोंगराकडून खाडीकडे वाहणारा हा वारा दुपारपर्यंत टिकतो, मग पडतो, घटकाभर काहीच हलत नाही, आणि मग समुद्राकडून खारा वारा येतो. हे तिला कुणी सांगावं लागत नाही. डाव्या कानाला गार लागलं की मतलई. सत्तरी आली, डोळ्यांना कमी दिसतं, गुडघे बोलतात, पण कान अजून वारा ओळखतो. आता तो वारा डोंगरावरून येत होता म्हणजे कापलेल्या डोंगरावरून येत होता. निम्मा डोंगर गेला होता. उरलेल्या निम्म्याची उघडी तांबडी बाजू खरवडलेल्या गुडघ्यासारखी दिसायची. तिथून मुरूम भरून डंपर निघायचे, शाळेसमोरून खाली खाजणात, खाडीकाठच्या खारट दलदलीत, जायचे, जिथे भराव चालला होता, आणि रिकामे होऊन परत यायचे. त्यांच्यामधून न्हावा शेव्याकडचे कंटेनरचे ट्रेलर. कुंपणाला टांगलेला फलक, 'पुढे शाळा आहे, वाहने सावकाश चालवा', इतका माखला होता की 'पुढे' तेवढं वाचता येत होतं. बाईंनी दोनदा अर्ज दिला होता. एकदा पाण्याचा टँकर आला, दोन दिवस रस्ता भिजवला, कुणीतरी फोटो काढले, आणि टँकर गेला तो गेलाच.

हा रस्ता म्हणजे मिठागराचा जुना बांध. आता कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण तिच्या पायांना अजून कळतं, शाळेच्या कोपऱ्याशी जमीन जिथे जराशी उतरते तिथे बांध खाली जात होता आणि उघाडी होती. उधाणाला उघाडीचं दार वर उचलायचं, खाडीचं पाणी आत घ्यायचं, दार पाडायचं. मग ते पाणी एका कोंडीतून, म्हणजे उथळ वाफ्यातून, दुसऱ्या कोंडीत फिरवत, उन्हात तापवत, घट्ट होऊ द्यायचं. शेवटच्या कोंडीत आलं की पाण्यावर साय धरायची. दुधावर धरते तशीच, फक्त तिला बोट लावलं की बारीक आवाज यायचा. लग्न होऊन ती या गावात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. माहेरी भातशेती, मीठ तिने मडक्यातच पाहिलेलं. आल्यावर आठ दिवसांत सासूने तिच्या हातात तांबडी फडकी दिली. खांद्यावरून घ्यायची फडकी नव्हे ही, जुनी, जाड, धुऊन धुऊन मऊ झालेली. सासू म्हणाली, "ही बांधाची. साय धरली का लावायची, वारा फिरला का कारायची. नवी सून आली का काम तिचा." मीठ धरत असताना बांधावरून बैलगाडी गेली की धूळ उडायची, मतलई ती नेमकी कोंडीत टाकायची, आणि मीठ काळं यायचं. म्हणून बांधाच्या तोंडाशी बांबूवर फडकी चढायची. ती दिसली की गाडीवाला कुणीही असो, आगरी असो, पेणचा व्यापारी असो, बैल सोडायचा, झाडाखाली बसायचा, विडी ओढायचा. वारा फिरेपर्यंत. कुणी विचारायचं नाही का, कुणी शिव्या द्यायचं नाही. एकदा तर नवरीची गाडी थांबली होती. नवरा उन्हात घामाघूम, मुंडावळ्या कपाळाला चिकटलेल्या, आणि करवल्या खिदळत होत्या, पण गाडी थांबली. त्या दिवशी फडकी चढवणारी कृष्णाबाईच होती. आपल्या हातातल्या एका फडक्याने एवढं मोठं वऱ्हाड थांबलं, याचं तिला तेव्हा इतकं हसू आलं की धर्माजीने, तिच्या नवऱ्याने, कोंडीतून मान वर करून विचारलं, "काय झाला गं?"

धर्माजी जाऊन अकरा वर्षं झाली. मीठ त्याच्याही आधी गेलं. पण ती ज्या विचाराला टाळत चालली होती तो मीठ जाण्याचा नव्हता. तिची चाल घराकडे होती आणि मन मागे कुंपणाशीच राहिलं होतं, त्या दोन कोंड्यांशी. शाळा आहे तिथे धर्माजीच्या दोन कोंड्या होत्या, बांधाला लागून, सगळ्यांत वरच्या. आधीची शाळा आत देवळामागे भरायची आणि पावसाळ्यात पोरांना निसरड्या बांधावरून जावं लागायचं. जीवन, तिचा एकुलता एक, तिसरीत असताना तिथूनच खाडीत गेला. हिरामण, तिचा धाकटा दीर, जवळ जाळं टाकत होता म्हणून वाचला. केसांना धरून त्याने पोराला वर काढलं. नाकातोंडात चिखल. हिरामणने उलटा धरून पाठीवर थापट्या मारल्या तेव्हा कुठे तो खोकला. तो खोकला तिला आजही ऐकू येतो. पोराची छाती आत ओढली जात होती आणि आत काही जात नव्हतं. त्यानंतर गावकी बसली तेव्हा पुरुषांच्या मागे भिंतीला टेकून बसलेली ती उठून उभी राहिली. गावकीत बाई उभी राहायची पद्धत नव्हती. ती म्हणाली, "शाला रस्त्याला लावून बांदा. माज्या पोराच्या नाकात चिखल गेलाय. आनखी कोनाच्या जायला नको." जागा कुणाची, असं कुणीतरी विचारलं. आणि तिने धर्माजीकडे पाहिलं. धर्माजी म्हणाला, "वरच्या दोन कोंड्या देतो." त्याला जड गेलं नाही, तिलाही नाही. त्या कोंड्यांमध्ये मीठ कधी पांढरं आलंच नव्हतं. फडकी लावली तरी कुठून तरी धूळ यायचीच, आणि व्यापारी ते मीठ बाजूला काढायचे, गुरांना घालायला. तेव्हा हिरामण मागून म्हणाला होता, "जितं मीठ काला येते, तितं पोरां पन काली येतील." गावकी पोट धरधरून हसली. तीही तोंडाला पदर लावून हसली. मग तीन रविवार गावातल्या बायांनी डोक्यावर घमेली घेऊन मुरूम वाहिला, त्याच डोंगराचा, आणि बांध रुंद केला, रस्ता शाळेच्या दारापर्यंत आणला. पहिलं घमेलं तिचं होतं.

मीठ सांगत होतं. दर वर्षी सांगत होतं, पांढऱ्यावर काळं. आणि आपण ती जागा उचलून पोरांना दिली.

दुपारी जीवन जेवायला आला. अंगणाबाहेर त्याचा डंपर उभा राहिला. तो हॉर्न वाजवत नाही, म्हणून ओळखू येतो. मुरमावर ताडपत्री नीट बांधतो, शाळेसमोर गाडी हळू करतो, हे तिने स्वतः पाहिलं आहे. वाईट पोर नाही ते. बेचाळीस वर्षांचा झाला, तिच्यासाठी पोरच. हातपाय धुऊन तो ताटावर बसला तरी भुवयांमध्ये तांबडी माती होती. सून कल्पिता भाकरी वाढत होती, सोबत सुकट आणि कैरीचं कालवण.

"तुजी गारी किती वाजता जाते शालेसमोरशी?" कृष्णाबाईने विचारलं.

"किती वाजता म्हंजे? दिवसभर जाते. का?"

"सकालची नको नेऊस. वारा फिरला का ने. बारानंतर."

जीवन घास तोंडात ठेवून तिच्याकडे बघत राहिला, मग हसायला लागला. "सुपरवायझरला सांगू काय? साहेब, आमच्या आईनं सांगितलाय, आज मतलई हाय, काम बंद!"

"हसा तुम्ही," कल्पिता चुलीकडूनच म्हणाली. "पहाटे राहीची छाती वाजते तवा तुमी गारीवर निघून गेलेले असता. पिपानीत वारा भरल्यासारकी वाजते. डॉक्टर काय बोलला? धुलीपासून लांब ठेवा. ठेवा म्हणे! कुठं ठेवू, माळ्यावर?"

"मी काय मुद्दाम करतंय काय?" जीवनचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "दिडशे गाड्या हायत, आई. माजी एक थांबवली तर काय व्हनार? मागचा पुढं येईल. नंबर गेला का दिवस गेला. आनि मी थांबलो तरी धूल काय थांबनार हाय का? बाकीचे युपीचे, राजस्थानचे. त्यांना काय शाळा, काय राही."

"फडकी व्हती तवा थांबायचे सगले," ती म्हणाली.

"तवा बैल व्हते, आई."

कल्पिता भाकरी थापता थापता थांबली. पाठ वळवूनच म्हणाली, "परीक्षा झाली का मी राहीला आगरदांड्याला ठेवनार हाय. आईकडं. जूनला तिथंच शाळेत नाव घालू. यांना सांगितलाय मी." जीवनने मान वर केली नाही. म्हणजे त्याला माहीत होतं, आणि दोघांचं तिला सांगायचं राहून गेलं होतं, किंवा त्यांनी ते मुद्दाम ठेवलं होतं. आगरदांडा चांगलं आहे. समोर समुद्र, दिघीला जाणारी बोट, राहीला ती बोट आवडते, गाड्या पोटात घेऊन जाते म्हणून. तिथे तिचा श्वास मोकळा होईल. वेण्या कोण घालील, असं एक कृष्णाबाईच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. पोरीची छाती आणि आपले हात. पण पाण्याचा तांब्या उचलला तेव्हा तो हाताला जड लागला. राही बाहेर ओट्यावर बाहुलीला जेवू घालत होती. रस्त्यावरून एक ट्रेलर गेला आणि राहीने आधी बाहुलीचं नाक धरलं, मग स्वतःचं.

संध्याकाळी तिने पत्र्याची पेटी उघडली. तळाशी सासूची चांदीची वाळी, धर्माजीचा चष्मा, आणि त्याखाली फडकी. तिला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होती. कापडातून अजून खाऱ्या पाण्याचा वास येत होता, की तिला तसं वाटलं. तिने ती नाकाला लावून धरली. काय करायचं ते तिने ठरवलं असं म्हणता यायचं नाही. पेटीचं झाकण लावताना फडकी तिच्या खांद्यावर होती, एवढंच.

सकाळी राहीला शाळेत सोडून ती घरी न येता कोपऱ्यावर थांबली, जिथे जमीन उतरते तिथे. हिरामण आधीच आलेला, तिने रात्री निरोप धाडला होता तसा हातात बांबू घेऊन. पंच्याहत्तरीचा, कमरेत वाकलेला, पण बोलण्यात अजून तसाच. "वैनी, आज नवी सून झालीस व्हय परत? हळद लावून आलीस का तशीच?" "भावजी, बांबू धरा आनि तोंड मिटा," ती म्हणाली. दोघांनी कुंपणाच्या खांबाला बांबू बांधला. तिने एक गाठ मारली, हिरामणने वरून दुसरी मारली. डाव्या कानाला गार लागत होतं. फडकी उघडली, एकदा फडफडली आणि रस्त्याच्या अंगावर तांबडी होऊन उभी राहिली. आतून वर्गाचा आवाज येत होता. कालचाच पाढा.

पहिला डंपर आला तसा गेला. त्याच्या धुळीत फडकी दिसेनाशी झाली आणि पुन्हा दिसली. दुसऱ्याच्या ड्रायव्हरने वेग कमी केला, कृष्णाबाई एक पाऊल पुढे झाली, पण त्याने खिडकीतून हात काढून फडकीला नमस्कार केला, तोच हात कपाळाला, छातीला लावला आणि निघून गेला. "देवीचा झेंडा वाटला त्याला," हिरामण खोकत खोकत हसला. "आता नारल फोडायला येतील, बघ." तिसरा, चौथा. एकाने ओरडून विचारलं, "अम्मा, जत्रा कब है?" प्रत्येक डंपरला आतला पाढा थांबत होता आणि पुन्हा चालू होत होता. ती फडकीकडे पाहत नव्हती, वर्गाकडे कान लावून होती. थांबला. गेला. चालू झाला. हिरामण म्हणाला, "चल वैनी, ऊन झाला. कोन वलखते आता ही फडकी? तू नि मी. आनि आपली काय गारी नाय." ती म्हणाली, "आनखी एक जन वलखते."

जीवनचा डंपर वळणावरून आला तेव्हा तिने तो हॉर्नच्या नसण्यावरून ओळखला. ताडपत्री बांधलेली, पुढच्या काचेवर राहीने चिकटवलेला फुलपाखराचा कागद. गाडी नेहमीसारखी हळू झाली. आणि मग, त्याने फडकी पाहिली असावी. तिला काचेमागे त्याचा चेहरा दिसला नाही, उन्हाची तिरीप होती, पण गाडी आणखी हळू झाली, आणखी, आणि शाळेच्या फाटकासमोर येऊन थांबली. इंजिन बंद झालं. त्याने दार उघडून पाय खाली टाकला नाही, नुसता बसून राहिला, दोन्ही हात स्टिअरिंगवर, लहानपणी गावकीत आईच्या मांडीला टेकून बसायचा तसा. कृष्णाबाईला हसू यायला लागलं, त्या वऱ्हाडाच्या दिवशी आलं होतं तसं. थांबला. एका फडक्याने थांबला. बैल नव्हे, एवढं लोखंड. तिला वाटलं धर्माजी असता तर मान वर करून विचारलं असतं, काय झाला गं?

मग मागचा थांबला, कारण पुढे वाट नव्हती. त्याच्यामागे ट्रेलर, त्याच्यामागे तीन डंपर, मग पाण्याचा टँकर, मग पुन्हा ट्रेलर. समोरून रिकामे परतणारे आले, त्यातला एक आडवा घुसला आणि तिथेच अडकला. कुणीच इंजिन बंद केलं नाही. बंद केलेलं एकच होतं, जीवनचं. बाकीची सगळी उभ्या उभ्या गुरगुरत होती, खालून काळा धूर सोडत, आणि हॉर्न, एकात एक मिसळलेले. ड्रायव्हर ओरडत होते. "ओ भाई, क्या हुआ?" "कोई मरा क्या?" मतलई डोंगराकडून येत होती, नेहमीसारखी. ती धूर उचलत होती आणि फाटकातून, खिडक्यांतून, सरळ आत नेऊन ठेवत होती. कृष्णाबाईला आधी ते दिसलंच नाही, ती जीवनच्या गाडीकडेच पाहत होती. तिला कळलं ते ऐकून. आतला पाढा थांबला होता.

पाढा गाडी आली तेव्हाच थांबला होता, रोजच्यासारखा. पंजे नाकावर गेले असतील, गाल फुगले असतील. पोरं डंपर जायची वाट पाहत होती. त्यांना एवढंच ठाऊक होतं, डंपर येतो आणि जातो, आणि मधल्या वेळापुरता श्वास पुरतो. आज डंपर जात नव्हता. कृष्णाबाईने नकळत मोजायला सुरुवात केली. कालची वेळ झाली. कालच्या दुप्पट झाली. खिडकीत एक चेहरा दिसला, कुणाचा ते कळलं नाही, डोळे मोठे, तोंड घट्ट मिटलेलं. आणि मग आत एक जण खोकला. मग दुसरा. मग सगळा वर्ग एकदम, जसा तो एकदम अठ्ठावीस म्हणायचा. त्या खोकल्यांमध्ये एक निराळा होता, आत ओढला जाणारा आणि काही न घेता परत येणारा. चौतीस वर्षांपूर्वी बांधावर ऐकलेला. तेव्हा तो जीवनचा होता, आता गाडीत बसलेल्या.

"जा!" ती ओरडली. पायात बळ कुठून आलं कुणास ठाऊक. ती बांबूकडे धावली, गाठ सुटेना, हिरामणची दुसरी गाठ घट्ट होती, तिने फडकी खालून धरून ओढली, ती टर्रकन फाटून हातात आली. "जीवन, जा! हाक गारी! जा रं बाबा, जा!" जीवनने मान बाहेर काढली. "आई, तूच तं लावलीस—" "हाक म्हनते ना! पोरां मरतील आत!" त्याने चावी फिरवली. गाडी तापलेली असूनही पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदा लागली आणि काळ्या धुराचा लोट सोडून हलली. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहून फाटकी फडकी हलवत सगळ्यांना पुढे बोलावत होती. जा, जा, जा. डंपर, ट्रेलर, टँकर, एकामागून एक तिच्या अंगाला चाटून गेले, एका ड्रायव्हरने हसून अंगठा दाखवला, रस्ता मोकळा करून देते आहे असं त्याला वाटलं असावं. रांग संपायला पाऊण तास लागला. पहिल्यासारखं व्हायला, म्हणजे मिनिटाला एक गाडी, आणखी अर्धा तास.

प्रणालीबाईंनी पोरांना मागच्या पडवीत नेलं होतं, खाडीच्या बाजूला. राही पायरीवर बसली होती, पंप हातात, दोन्ही खांदे कानांपर्यंत वर आलेले. प्रत्येक श्वासाला गळ्याखालची खळगी आत जात होती. बाई म्हणाल्या, "दोनदा दिलाय पंप. उतरेल आता. जीवनदादांना फोन केलाय मी, दवाखान्यात नेऊन आणू." कृष्णाबाई राहीशेजारी बसली. तिला जवळ घ्यायला हात पुढे केला आणि आपल्या लुगड्यावर, हातांवर, केसांवर किती माती आहे ते बघून मागे घेतला. दोघींच्या मध्ये वीतभर अंतर ठेवून ती बसून राहिली.

बऱ्याच वेळाने, दोन श्वासांच्या मधल्या जागेत, राहीने विचारलं, "आजी, गाड्या तू... थांबवल्यास?"

"हं."

"खऱ्याच्या?"

"खऱ्याच्या."

राहीने पंप या हातातून त्या हातात घेतला. "मग सोडल्यास का?"

कृष्णाबाईने राहीची सुटलेली रिबीन पाहिली, बांधावीशी वाटली, बांधली नाही. उजव्या हाताला, खाडीकडे, भरावाचा तांबडा उंचवटा पसरला होता, जिथे खालच्या कोंड्या होत्या, आणि त्यापलीकडे बंदराच्या क्रेन. तेवढ्यात डाव्या कानाचं गार नाहीसं झालं. मतलई पडली. घटकाभर काहीच हललं नाही. मग उजव्या गालाला ओलसर, खारा स्पर्श झाला आणि तिला कळलं, वारा फिरला. रस्त्यावरची धूळ आता डोंगराकडे जाईल, पहाटेपर्यंत.

वारा फिरला की फडकी झटकून घडी करायची. सासूने तसंच शिकवलं होतं, दोन कोपरे धरून, एकदा जोरात झटकायची, मगच दुमडायची, नाहीतर माती कापडात राहते आणि उद्या कोंडीत पडते. तिचे हात आपोआप वर गेले, फाटक्या फडकीचे दोन कोपरे धरून, खांद्याच्या वरपर्यंत. शेजारी राहीने ते पाहिलं, आणि तिचा डावा पंजा नाकावर गेला. डोळे आजीकडे, गाल फुगलेले.

कृष्णाबाईने हात तसेच धरून ठेवले. मग हळूच खाली आणले आणि फडकी न झटकता, सगळी माती आत ठेवून, एकेक पदर दुमडत घडी घातली, लहान, आणखी लहान, आणि काखेत घट्ट दाबून धरली. राही अजून श्वास धरून होती.

"सोड गं बाय," कृष्णाबाई म्हणाली. "सोड. नाय झटकत मी."